तारांचा पीळ

पुलगाव स्टेशनात एके काळी दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहत. एक मोठी, मुंबई-नागपूर मार्गावरची; तिच्या रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. दुसरी लहान, आर्वीहून आलेली. तिच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट. मोठी लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. आर्वीची ३५ किलोमीटरची लहान लाइन त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९१७ मध्ये सुरू झाली. आर्वीच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये बांधलेली रुईची गठाण लहान गाडीने पुलगावला उतरायची आणि तिथे हमालांच्या हातांनी मोठ्या गाडीच्या वाघिणीत चढायची. लहान गाडीला मोठे रूळ चालत नव्हते आणि मोठी गाडी आर्वीला येऊ शकत नव्हती. आर्वीचा कापूस मुंबईला किती लवकर पोचेल, हे नुसतं इंजिनांच्या जोरावर ठरत नव्हतं. ते पुलगावच्या फलाटावर, त्या दोन रुळांच्या मधल्या काही हातांच्या जागेत ठरत होतं.

वाटेची खरी ताकद तिच्या सांध्यावर कळते. या लेखाचा विषय असाच एक सांधा आहे, मात्र तो सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही. बँकेच्या किंवा टपाल खात्याच्या डेटा सेंटरमध्ये माहिती साठवणाऱ्या यंत्रांचं एक वेगळं जाळं असतं. त्या जाळ्यात एक स्विच, म्हणजे आलेली माहिती योग्य वाटेवर वळवणारं यंत्र, दुसऱ्या स्विचला तारेने जोडलेला असतो. एक तार पुरेनाशी झाली की चार टाकतात. पण चार तारा शेजारी शेजारी टाकल्या म्हणजे चौपट माल जातोच असं नाही. त्या चौघींना एकीसारखं वागायला शिकवावं लागतं. हे शिकवणं कसं जमत गेलं, त्याची गोष्ट टेलिफोनच्या जमान्यापासून सुरू होते, आणि तिच्यातलं पहिलं मोठं वर्षही १९१७ हेच आहे.

खोड आणि फांद्या

आर्वीतल्या साठी-सत्तरीच्या माणसाला 'ट्रंक' या शब्दाचे दोन अर्थ ठाऊक आहेत. एक लग्नात आलेली पत्र्याची पेटी आणि दुसरा ट्रंक कॉल. टेलिफोनवाल्यांनी हा शब्द घेतला तो झाडाच्या खोडाचा. गावातल्या एक्स्चेंजपासून घराघरांत, दुकानांत जाणाऱ्या तारा म्हणजे फांद्या. एका गावच्या एक्स्चेंजपासून दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजपर्यंत जाणाऱ्या तारा म्हणजे खोड. मुंबईत पहिलं टेलिफोन एक्स्चेंज १८८२ च्या जानेवारीत सुरू झालं. तिथून हे झाड जिल्ह्यांत आणि मग तालुक्यांत पसरत गेलं, पण फांद्या जितक्या भराभर फुटल्या तितकं खोड जाड झालं नाही.

तालुक्याच्या गावी फोन करणं म्हणजे काय होतं, ते आज समजावून सांगावं लागतं. आधी एक्स्चेंजला फोन करून नंबर बुक करायचा. कॉल साधा हवा, अर्जंट हवा की लाइटनिंग, ते सांगायचं. लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे पडत. मग वाट बघत बसायचं. ऑपरेटर जिल्ह्याच्या एक्स्चेंजशी बोलायचा, तिथला ऑपरेटर पुढच्या शहराशी, आणि प्रत्येक टप्प्यावर रिकामी ट्रंक लाइन मिळाली तरच बोलणं जुळायचं. मिळालं तर तीन मिनिटं. तेवढ्यात बाळंतपणाची बातमी सांगायची किंवा मयताची. कापसाच्या अडत्याला मुंबईचा भाव विचारायचा असायचा. १९७२ मध्ये राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, त्याआधी खासगी व्यापार मोकळा होता आणि मुंबईच्या बाजारातला भाव तासाभराने उशिरा कळणं हा खरोखरीचा तोटा होता.

या प्रतीक्षेत एक गोष्ट लोकांच्या लक्षात यायची. आपला कॉल लागत नाही, पण शेजारी बसलेल्याचा लगेच लागतो. कारण त्याला वेगळ्या गावी बोलायचं असे. त्या गावाकडे जाणारी लाइन रिकामी, आपल्या गावाकडे जाणारी भरलेली. तारा होत्या, पण त्या एकमेकींच्या उपयोगी पडत नव्हत्या.

कोपनहेगनचा गणिती

हाच प्रश्न डेन्मार्कमध्ये एक माणूस गणिताने सोडवत होता. आग्नर क्रारुप एर्लांग १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत लागला. मोजमाप करायला तो स्वतः रस्त्याखालच्या भुयारांत उतरायचा; शिडी घेऊन एक कामगार त्याच्यासोबत असायचा. १९०९ मध्ये त्याने टेलिफोनच्या बोलण्यांना संभाव्यतेचं गणित लावून पहिला निबंध लिहिला. आणि १९१७ मध्ये, म्हणजे पुलगाव-आर्वी गाडी सुरू झाली त्याच वर्षी, त्याने ते सूत्र प्रसिद्ध केलं, ज्याच्या आधाराने पुढे जगभरच्या टेलिफोन खात्यांनी आपल्या ट्रंक लाइनची संख्या ठरवली.

सूत्राचं मर्म समजायला आकडे पुरेत. एक तार तासभर अखंड बोलण्यात गुंतलेली असेल, तर तिच्यावरच्या भाराला एक एर्लांग म्हणतात. हे नाव त्या मोजमापाला १९४६ मध्ये मिळालं. आता अशी अट घाला की शंभर कॉलमागे फक्त एकालाच 'लाइन रिकामी नाही' हे उत्तर मिळावं. दहा तारांचा गट ही अट पाळून सुमारे ४.४६ एर्लांग भार वाहतो. दहा-दहा तारांचे दोन वेगळे गट ठेवले, तर दोघांचे मिळून ८.९२. पण त्याच वीस तारांचा एकच गट केला, तर तो १२.०३ एर्लांग वाहतो. नवी तार एकही टाकली नाही, खांब एकही रोवला नाही, आणि क्षमता जवळपास ३५ टक्क्यांनी वाढली.

ही वाढ येते कुठून? दोन गट वेगळे असतात तेव्हा एकात गर्दी उसळते आणि त्याच क्षणी दुसऱ्यात जागा रिकामी पडलेली असते. गट एक झाला की कोणताही कॉल कोणत्याही रिकाम्या तारेवर जाऊ शकतो. विदर्भातल्या शेतकऱ्याने हे गणित कापूस खरेदी केंद्रावर अंगावर काढलं आहे. बंड्यांच्या रांगा रात्र-रात्र उभ्या असायच्या. दोन काट्यांसाठी दोन वेगळ्या रांगा असतील, तर एका रांगेत पुढच्याच्या बंडीवर प्रतवारीचा वाद पेटतो, मागचे सगळे ताटकळतात आणि शेजारचा काटा मोकळा असूनही त्यांच्या कामाचा नसतो. रांग एक आणि काटे दोन केले की तोच वाद फक्त एका काट्याला अडवतो. बाकीचे दुसऱ्यावरून पुढे सरकतात.

मात्र एर्लांगच्या गणितात एक सोय होती. प्रत्येक टेलिफोन कॉल स्वतंत्र होता. नागपूरच्या कॉलने पहिली तार घेतली काय आणि सातवी घेतली काय, बोलणाऱ्यांना फरक पडत नव्हता, कारण एक बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच तारेवर राहायचं. पुढे तारांवरून बोलण्याऐवजी माहिती जाऊ लागली, ती तुकड्यातुकड्यांनी जाऊ लागली, आणि ही सोय संपली.

तुकड्यांचा क्रम

माहितीचे तुकडे दोन तारांवर आळीपाळीने सोडले तर दुसरा तुकडा पहिल्याच्या आधी पोचू शकतो. बोलण्यातले शब्द उलटसुलट झाले तर जे होईल, तेच इथे होतं. १९९० च्या दशकात घरगुती डिजिटल टेलिफोनवर ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या जोडून १२८ किलोबिटचा एक मार्ग करू लागले, तेव्हा यावर सरळ उपाय निघाला: प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालायचा आणि पलीकडे क्रमाने लावून घ्यायचा. १९९४ मध्ये त्याचा नियम लिहिला गेला, १९९६ मध्ये सुधारला गेला.

आर्वीच्या प्रेसवाल्यांना यात नवं काही वाटलं नसतं. कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसचा मार्का आणि अनुक्रमांक घालणं बंधनकारक केलं होतं. गठाण कुठल्याही वाघिणीत चढो, कुठेही उतरो. ती कुणाची आणि कितवी, हे तिच्या अंगावर लिहिलेलं असे.

क्रमांक घालण्याच्या उपायाला किंमत होती. पलीकडच्या यंत्राला तुकडे थोपवून धरावे लागत, क्रम जुळेपर्यंत थांबावं लागत असे. ऑफिसातल्या वेगवान जाळ्यांना ही वाट पाहणं परवडणारं नव्हतं. तिथे दुसरा उपाय आला, आणि तो आणला एका अशा कंपनीने जिचं नाव होतं 'कल्पना'. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या या कंपनीने १९९० मध्ये पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. अनेक तारा एकत्र बांधून एक करण्याची तिची युक्ती 'इथरचॅनल' म्हणून ओळखली गेली. १९९४ मध्ये सिस्कोने 'कल्पना' विकत घेतली आणि २००० मध्ये याच विचाराचा सर्वांसाठी खुला नियम तयार झाला.

इथरचॅनलने क्रमांकाचा घोळच टाळला. दोन यंत्रांमधलं एक बोलणं एकाच तारेवर ठेवायचं, दुसऱ्या जोडीचं बोलणं दुसऱ्या तारेवर. क्रम बिघडत नाही, थांबावं लागत नाही. पण यात पुन्हा ट्रंक कॉलचं दुखणं परतलं. एखादं बोलणं फार मोठं असेल तर ते आपल्या एका तारेत कोंबलं जातं आणि शेजारच्या तीन तारा बघत राहतात.

डिस्क घराबाहेर पडते

याच सुमारास संगणकांच्या जगात एक मोठी वाटणी होत होती. आधी प्रत्येक सर्व्हरच्या पोटात त्याची स्वतःची डिस्क असे. एकाची डिस्क भरलेली, दुसऱ्याची निम्मी रिकामी. एक सर्व्हर बंद पडला की त्याच्या पोटातली माहिती अडकली. मग विचार आला की धान्य प्रत्येक घरात कणग्यांत ठेवण्यापेक्षा गावाचं एक कोठार करावं. डिस्कची मोठी कपाटं वेगळी ठेवायची, सर्व्हर वेगळे, आणि मधे जाळं. पण हे जाळं साधं चालणार नव्हतं. सर्व्हरला वाटलं पाहिजे की डिस्क अजून आपल्या पोटातच आहे. वाटेत तुकडा हरवणं त्याला खपत नाही, आणि तुकड्यांचा क्रम बदलला तर बरीच यंत्रं गोंधळून जात.

यासाठी जो नियमसंच घडला त्याचं नाव फायबर चॅनल. काम १९८८ मध्ये सुरू झालं, १९९४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे नियम लिहिणाऱ्यांमध्ये म्हैसूरला अभियांत्रिकी शिकून पुढे कॅनडात काम केलेले कुमार मालवल्ली होते. १९९५ मध्ये सेथ नीमन आणि पॉल बॉन्डरसन यांच्यासोबत त्यांनी ब्रोकेड ही कंपनी काढली, आणि पुढे साठवणुकीच्या जाळ्यांच्या स्विचमध्ये ते नाव सर्वांत मोठं झालं.

फायबर चॅनलची शिस्त कडक आहे. माहितीच्या तुकड्याला इथे फ्रेम म्हणतात, आणि समोरच्याकडे जागा असल्याचा इशारा मिळाल्याशिवाय कुणी फ्रेम पाठवतच नाही. पुलगावच्या फलाटावर जागा आहे असा निरोप आल्याशिवाय आर्वीहून गाडीच सोडायची नाही, अशी ही पद्धत. त्यामुळे गर्दीत माल सांडत नाही; पण पुढचा अडला की मागचे सगळे जागच्या जागी उभे राहतात.

जाळं वाढलं की एक स्विच पुरत नाही. दुसरा येतो, आणि दोन स्विचना जोडणारी तार येते. या क्षेत्रातली माणसं तिला आयएसएल म्हणतात. जुन्या भाषेत सांगायचं तर हीच ट्रंक लाइन. कोणी कोणत्या आयएसएलवरून जायचं, हे ठरवण्याची पद्धतही ब्रोकेडनेच घडवली आणि ती पुढे सर्वांची झाली. सर्वांत जवळची वाट शोधायची. सारख्या अंतराच्या चार वाटा असतील तर आलेल्या सर्व्हरना त्या वाटून द्यायच्या. वाटणी एकदा झाली की ती सहसा बदलत नसे.

त्यातली अडचण एका कल्पित उदाहरणाने पाहू. दोन स्विचमध्ये २ गिगाबिटच्या चार तारा आहेत. पहिल्या तारेवर दोन सर्व्हर वाटून आले: एक बँकेच्या खात्यांचा, दुसरा रात्रीच्या बॅकअपचा. दोघांनाही दीड-दीड गिगाबिट हवे आहेत. मागणी तीनची, तार दोनची. शेजारच्या तीन तारांवर किरकोळ कामं. एकूण क्षमता ८ गिगाबिट, एकूण मागणी त्याच्या निम्मीसुद्धा नाही, आणि तरीही खात्यांचा सर्व्हर ताटकळतो. व्यवस्थापक पाचवी तार टाकतो. ती रिकामी राहते. कारण प्रश्न तारांच्या संख्येचा नव्हता.

पीळ

कपाशीच्या गावाला पुढची गोष्ट लगेच पटेल. चार धागे शेजारी शेजारी धरून वजन लटकवलं, तर सर्वांत ताणलेला धागा आधी तुटतो, मग त्याच्या खालोखालचा. चारही असतात, पण भार एकेकावर येतो. त्याच धाग्यांना पीळ दिला की ते एकमेकांना धरून ठेवतात आणि भार चौघांत वाटला जातो. दोर होतो तो धाग्यांच्या संख्येने नाही, पिळाने होतो.

तारांना हा पीळ २००१ मध्ये मिळाला. फायबर चॅनलचा वेग १ वरून २ गिगाबिटवर चालला होता आणि ब्रोकेडने नव्या स्विचच्या चिपमध्येच चार तारांना एक करण्याची सोय घातली. तिला नाव दिलं 'ट्रंकिंग'. खोडाचा तो जुना शब्द पुन्हा कामाला आला. चार पोर्ट, म्हणजे स्विचमधल्या तारा जोडायच्या चार जागा, मिळून ८ गिगाबिटची एकच तार झाली. या पद्धतीत सर्व्हरची वाटणीच नाही. आलेली प्रत्येक फ्रेम, ती कुणाचीही असो, ज्या तारेवर जागा आहे तिच्यावर चढते. एर्लांगने बोलण्यांसाठी जे दाखवलं होतं, ते आता एकेका फ्रेमपर्यंत उतरलं. वरच्या उदाहरणातला बॅकअपचा सर्व्हर कितीही भुकेला असला तरी खात्यांच्या सर्व्हरला आता उरलेल्या वाटा मिळतात.

मग क्रमाचं काय? इथे या कामातली खरी कारागिरी आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक मीटर जायला ५ नॅनोसेकंद. नॅनोसेकंद हा सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. चार तारांपैकी एक दहा मीटर जास्त लांब असेल, तर तिच्यावरची फ्रेम ५० नॅनोसेकंद उशिरा पोचते. २ गिगाबिटच्या तारेवर एक पूर्ण फ्रेम उतरवायला साधारण १० मायक्रोसेकंद, म्हणजे १० हजार नॅनोसेकंद लागतात. त्यापुढे ५० म्हणजे काहीच नाही. पण छोट्या फ्रेम लागोपाठ आल्या की तेवढ्या फरकानेही क्रम मोडू शकतो. म्हणून चिप आधी प्रत्येक तारेतला उशीर मोजते, तो हिशोबात धरते आणि त्यानुसार फ्रेम सोडते. पलीकडे त्या जशा निघाल्या तशाच क्रमाने हाती येतात. कुठेही थोपवून ठेवणं नाही, क्रम लावत बसणं नाही.

यासाठी अटी आल्या. चारही पोर्ट एकाच चिपच्या एकाच गटातले हवेत, त्यांचा वेग सारखा हवा, आणि तारांच्या लांबीतला फरक ३० मीटरच्या आत ठेवावा अशी शिफारस. तारा ओढणाऱ्याच्या हाताची शिस्त आता थेट जाळ्याच्या वेगात उतरू लागली. पुढच्या पिढ्यांत चारऐवजी आठ पोर्ट एक होऊ लागले. ८ गिगाबिटच्या आठ तारांची ६४ गिगाबिटची एक वाट, १६ च्या आठांची १२८ ची.

२००२ मध्ये सिस्को या क्षेत्रात आपला एमडीएस नावाचा स्विच घेऊन उतरली आणि तिने वेगळी वाट धरली. तिच्या पद्धतीत सोळापर्यंत तारा एकत्र बांधता येत आणि त्या एकाच चिपच्या शेजारशेजारच्या पोर्टांत असण्याची गरज नव्हती. विभागणी फ्रेमची नव्हती, व्यवहाराची होती. सर्व्हरने डिस्ककडे मागणी केली आणि डिस्कने उत्तर दिलं, हा एक व्यवहार. तो पूर्ण एका तारेवर. त्याच सर्व्हरचा पुढचा व्यवहार दुसऱ्या तारेवर जाऊ शकतो. क्रम व्यवहाराच्या आत सांभाळला जातो आणि भार तरीही बऱ्यापैकी पसरतो. एका पद्धतीत वाटप अधिक समान, दुसरीत मांडणी अधिक मोकळी. एखादा पोर्टांचा गट जळाला तर पहिलीतली वाट पूर्ण बंद पडू शकते. दुसरीत तारा वेगवेगळ्या कार्डांवर असल्या तर काही शिल्लक राहतात. आणि भाषेचा एक कायमचा घोळ उरला. ब्रोकेडवाले ज्याला ट्रंकिंग म्हणतात त्याला सिस्कोवाले पोर्ट चॅनल म्हणतात, आणि सिस्कोच्या बोलीत ट्रंकिंग म्हणजे एकाच वाटेवरून अनेक वेगळी जाळी नेणं. दोन्ही घरांत वाढलेला माणूस आजही बोलण्याआधी विचारतो, 'ट्रंक म्हणजे तुमची कोणती?'

आर्वी ते नवी मुंबई

हा सगळा इतिहास आर्वीपासून फार दूरचा वाटेल. तो तसा नाही. २००८ पर्यंत स्टेट बँकेच्या देशभरातल्या शाखा एकाच मध्यवर्ती व्यवस्थेवर आल्या, आणि तिचं केंद्र नवी मुंबईत बेलापूरला आहे. टपाल खात्यानेही २०१३ मध्ये आपलं डेटा सेंटर नवी मुंबईत सुरू केलं आणि आपत्तीच्या वेळी सांभाळून घेणारं दुसरं केंद्र म्हैसूरला ठेवलं. त्याआधी खातं म्हणजे शाखेतलं लेजर. आर्वीच्या खातेदाराचा हिशोब आर्वीतच असायचा आणि त्याला तो वर्ध्याला बघता येत नसे. आता हिशोब आर्वीत नाही. काउंटरवर बोटांनी आकडा टाइप झाला की तो शेकडो किलोमीटर प्रवास करून सर्व्हरकडे जातो, सर्व्हर तो साठवणुकीच्या जाळ्यातून डिस्कच्या कपाटाकडे पाठवतो, आणि तिथून 'लिहिलं' असं उत्तर परत आल्यावरच पासबुकात ओळ उमटते.

बेलापूरपर्यंतच्या लांब प्रवासाला काही मिलिसेकंद लागतात आणि ते कुणाला टाळता येत नाहीत. केंद्राच्या आतला प्रवास काही मीटरचा. पण त्या काही मीटरांत देशातल्या सगळ्या शाखांचा भार एकवटतो. महिन्याची पहिली तारीख, पगार आणि पेन्शन जमा होण्याचा दिवस, हप्ते कापले जाण्याचा दिवस. पुलगावच्या फलाटावर हंगामात जी दाटी व्हायची, तिचंच हे रूप. अशा केंद्रांत स्विच आणि स्विच यांच्या मधल्या वाटा एकत्र बांधणं ही आज चैन राहिलेली नाही; उभारणीच्या पहिल्या दिवशी करायची ती गोष्ट आहे.

पण एकत्र बांधणं हा प्रत्येक दुखण्यावरचा उपाय नव्हे, हेही या इतिहासाने शिकवलं. कपाटातली एखादी डिस्क किंवा एखादा सर्व्हर संथ झाला आणि त्याने जागा असल्याचा इशारा देणं लांबवलं, तर कडक शिस्तीच्या या जाळ्यात खोळंबा मागे मागे सरकतो आणि आठ तारांची वाटही भरून उभी राहते. पुलगावला हमाल कमी पडले तर आर्वीची गाडी दुप्पट लांब करून काय उपयोग? तेव्हा तार वाढवण्याआधी अडलेलं टोक शोधावं लागतं.

आणि दुसरा धडा त्याहून मोठा आहे. या क्षेत्रातली शहाणी माणसं साठवणुकीची जाळी नेहमी दोन बांधतात. प्रत्येक सर्व्हरचा एक हात पहिल्या जाळ्यात, दुसरा हात दुसऱ्यात. एकेका जाळ्याच्या आत तारा हव्या तितक्या एकत्र पिळल्या जातात. पण ही दोन जाळी एकमेकांना कधीही जोडत नाहीत. जोडली तर एकातली चूक, एकातला बिघाड क्षणात दुसऱ्यात पसरेल. बाजारात जाणारी बंडी दोराने घट्ट बांधावी. बियाण्याची सरकी मात्र एकाच कणगीत ठेवू नये. वेगासाठी एक होणं आणि तग धरण्यासाठी वेगळं राहणं, या दोन्हींची जागा ओळखणं ही या कामातली शेवटची आणि सर्वांत अवघड शिकवण आहे.

फलाट

पुलगाव-आर्वीची ती लहान गाडी आता धावत नाही. ट्रंक कॉलही गेला. काळा फोन, बुकिंगचा नंबर आणि तीन मिनिटांची घालमेल घेऊन गेला. कापूस ट्रकने जातो आणि विकलेल्या कापसाचा पैसा खात्यात जमा होतो.

जमा झाल्याचा संदेश आर्वीच्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर वाजतो, तेव्हा त्यामागे एक फलाट असतो. तिथे हमाल नाहीत, गठाणी ओढायचे आकडे नाहीत, वाघिणी नाहीत. काचेच्या काही तारा आहेत आणि त्यांच्यावरून फ्रेम जात आहेत, प्रत्येकीच्या अंगावर ती कुणाची आणि कितवी हे लिहिलेलं. ज्या तारेवर जागा आहे तिच्यावर ती चढते आणि पलीकडे आपल्या क्रमानेच उतरते. गठाणीवर मार्का घालणाऱ्या प्रेसवाल्याला आणि ती मोजून वाघिणीत चढवणाऱ्या हमालाला हे काम परकं वाटलं नसतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं असतं की मोजणीत एकही गठाण कमी भरत नाही ना. त्या फलाटावर काम करणाऱ्या आजच्या माणसांनाही दर रात्री हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो.